धाकट्या पिल्लाला वाचवायचं का?

घरट्यावर रोखलेल्या कॅमेऱ्यातून गरुडाची पिल्लं बघत बसणाऱ्यांच्या वाट्याला कधी ना कधी हे दृश्य येतं. थोरलं पिल्लू धाकट्याच्या डोक्यावर चोची मारत सुटतं आणि आई शेजारी ढिम्म बसलेली असते. बघणाऱ्याला राहवत नाही. कुणीतरी वर चढा, उचला त्याला!

खरं तर या भांडणाची सोय आईनेच करून ठेवलेली असते. बरेच शिकारी पक्षी पहिलं अंडं घातलं की उबवायला बसतात. साहजिकच दुसरं पिल्लू उशिरा बाहेर येतं आणि तोवर पहिलं दांडगं झालेलं असतं. ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९४७ साली याची संगती लावली: खाणं भरपूर असेल तर सगळी जगतील, टंचाई आली तर धाकटं लवकर जाईल आणि निदान थोरल्याचं पोट भरेल. पण आफ्रिकेतल्या व्हेरोच्या गरुडाच्या घरट्यात मांस पडून असतानाही धाकटं बहुधा मारलं जातं. मग दुसरं अंडं हवंच कशाला? पहिलं फुकट गेलं तर असावं म्हणून.

हे राखीव अंडं माणसाच्याही कामी आलं आहे. उत्तर अमेरिकेतले व्हूपिंग क्रेन हे पक्षी दोन अंडी घालतात, जगतं बहुतेकदा एकच पिल्लू. त्यांची संख्या अगदी रोडावली होती, तेव्हा १९६७पासून कॅनडातल्या घरट्यांतलं एकेक अंडं उचलून ते बंदिस्त जागी उबवायला सुरुवात झाली. मूळ जोड्यांचं फारसं बिघडलं नाही आणि वेगळा थवा तयार झाला.

न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरच्या ब्लॅक रॉबिनची गोष्ट मात्र मला जास्त विचारात पाडते. १९८० साली हे पक्षी उरले होते फक्त पाच, आणि वंश चालवू शकेल अशी मादी एकच. तिथले पक्षीसंवर्धक डॉन मर्टन आणि सहकाऱ्यांनी तिची अंडी दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यांत ठेवून उबवून घेतली. आज हे पक्षी शेकड्यांत आहेत. पण मध्येच एक विचित्र प्रकार झाला. काही माद्या घरट्याच्या काठावर अंडं घालायच्या. तिथे ते उबत नाही, म्हणून कार्यकर्ते ते हलकेच आत सरकवायचे. खोड आनुवंशिक निघाली! एरवी ती त्या अंड्याबरोबरच संपली असती. आता ती निम्म्याहून जास्त माद्यांत पसरली. अंडी सरकवणं थांबवल्यावर प्रमाण पुन्हा घसरलं. पाचच पक्षी उरलेले असताना समोरचं अंडं वाया जाऊ द्या, असं म्हणायला मीही धजावलो नसतो.

जमिनीवर सापडणाऱ्या पिल्लांचा प्रश्न त्या मानाने सोपा. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू उडायला शिकत असतं. आईबाप आसपासच असतात. कुत्र्यामांजरांपासून दूर एखाद्या झुडपात ठेवलं की पुरे. उघडंबोडकं पिल्लू घरट्यात परत ठेवावं. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही. आणि पायाला गळाची दोरी किंवा जाळं गुंडाळलेलं असेल, तर तो गुंता निसर्गाने केलेला नाही. तिथे थांबू नये, पक्षी हाताळणाऱ्या जाणकाराला लगेच बोलवावं.