कोपेर्तो की सेर्वित्सियो? नेपल्समधलं हॉटेलचं बिल वाचताना

इटलीतल्या नेपल्समध्ये जेवण झाल्यावर जे बिल येतं, त्यावर पदार्थांच्या खाली कधी ‘कोपेर्तो’ लिहिलेलं असतं, कधी ‘सेर्वित्सियो’, आणि क्वचित दोन्ही. आपली मंडळी दोघांनाही सर्व्हिस चार्ज समजतात. मग कुणी कोपेर्तोवरून मॅनेजरशी हुज्जत घालतं, तर कुणी सेर्वित्सियो भरूनही वर टीप ठेवून येतं. हे दोन आकडे वेगळ्या हिशोबाने लागतात आणि वेगळ्या कारणासाठी लागतात.

कोपेर्तो माणशी लागतो. टेबलावर बसलात, समोर काटे-चमचे, रुमाल आणि पावाची टोपली आली, की त्याचे हे पैसे. रक्कम ठरलेली असते, साधारण १ ते ३ युरो. पांढऱ्या टेबलक्लॉथच्या महागड्या जागी याहून जास्त. तुम्ही सहा युरोंचा पिझ्झा खा नाहीतर साठ युरोंचा मासा, कोपेर्तो तेवढाच. चौघं बसून तीनच पिझ्झे मागवले तरी चौघांचा लागतो. अगदी लहान मुलांना काही ठिकाणी सोडतात, पण ते गृहीत धरू नये. पाव खाल्ला नाही म्हणून तो कमी होत नाही, आणि नेमकं इथेच बहुतेक वाद सुरू होतात. ‘आम्ही पावाला हातही लावला नाही’ हे वेटरच्या दृष्टीने उत्तरच नाही, कारण तो पैसा पावाचा नाही, मांडलेल्या टेबलाचा आहे.

सेर्वित्सियो टक्क्यांत असतो, बहुतेक १० ते १५, आणि खाण्यापिण्याच्या रकमेवर लागतो. म्हणजे जितकं जास्त मागवाल तितका तो वाढतो. नेपल्सच्या जुन्या वस्तीत, व्हिया देई त्रिबुनालीच्या गल्ल्यांतल्या साध्या पिझ्झेरियांत तो सहसा दिसत नाही. समुद्राकाठच्या, कास्तेल देल्लोवो किल्ल्याकडे तोंड केलेल्या टेबलांवर मात्र तो भेटण्याची शक्यता जास्त.

एक हिशोब करून बघा. दोघांचे दोन मार्गेरिता पिझ्झे प्रत्येकी ६ युरो, पाण्याची बाटली २.५० आणि दोन बिअर प्रत्येकी ४ युरो: झाले २२.५०. कोपेर्तो माणशी २ असेल तर ४ युरो मिळवा, एकूण २६.५०. त्याच जागी १० टक्के सेर्वित्सियोही असेल तर २२.५० वर २.२५, म्हणजे २८.७५. संपलं. यात आणखी कर मिळवायचा नाही. इटलीत मेनूवरच्या किमतीत कर धरलेलाच असतो. आपल्याकडे मेनूचा आकडा आणि बिलाचा आकडा यांत जीएसटीचा फरक पडतो, त्या सवयीने इथे मनातल्या मनात पाच टक्के वाढवून बजेट करू नका.

भारतातल्या सवयीचा दुसरा धोका याहून मोठा आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते नियम उचलून धरले. त्यामुळे ‘हा काढा’ म्हणायची सवय लागली आहे, आणि भारतात ती योग्यच आहे. नेपल्समध्ये ती चालत नाही. तिथला प्रश्न ‘हे पैसे ऐच्छिक आहेत का’ असा नसतो, ‘हे मेनूवर आधी लिहिलं होतं का’ असा असतो. दाराबाहेर लावलेल्या मेनूच्या तळाशी, बारीक अक्षरांत, दोन्ही आकडे पाहून मगच आत जा. लिहिलेलं असेल तर बसलात म्हणजे मान्य केलंत. मेनूवर कुठेच नसताना बिलात आलं असेल, तर मेनू परत मागवून शांतपणे दाखवा. तेव्हा तुमची बाजू भक्कम असते. मेनूवर ‘सेर्वित्सियो इन्क्लूझो’ असेल तर सेवेचे पैसे किमतींतच आहेत आणि वेगळी ओळ यायला नको.

रोमला जाणाऱ्यांनी एक अपवाद लक्षात ठेवावा. रोम ज्या लात्सियो प्रदेशात आहे, तिथे २००६ च्या प्रादेशिक कायद्याने कोपेर्तो लावायला बंदी आहे. तिथे त्या जागी बिलावर ‘पाने’, म्हणजे पाव, दिसतो. पाव मात्र तुम्ही नाकारू शकता. टोपली टेबलावर ठेवताक्षणी, हात न लावता, परत द्या. नेपल्स वेगळ्या प्रदेशात, कांपानियात, असल्यामुळे ही युक्ती तिथे लागू नाही.

राहिली टीप. कोपेर्तो मालकाच्या गल्ल्यात जातो, म्हणून तो दिला म्हणजे वेटरला टीप मिळाली असं नाही. पण टीप द्यायलाच हवी अशी इटलीत अपेक्षाही नसते. जेवण मनापासून आवडलं, कुणी आपुलकीने वाढलं, तर टेबलावर एक-दोन युरोंची नाणी ठेवावीत, तेवढं पुष्कळ. सेर्वित्सियो भरला असेल तर तेही नको. टीप कार्डाने देण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते, म्हणून खिशात नाणी असू द्या. बिल मात्र आपणहून येत नाही. ते आणून ठेवणं म्हणजे पाहुण्याला उठवणं, असं तिथे समजतात. ‘इल कॉन्तो, पेर फावोरे’ म्हणून मागावं लागतं.

कॉफीच्या बारमध्ये हा सगळा हिशोब वेगळ्या रूपात येतो. तिथे सहसा कोपेर्तो नसतो. एकाच कॉफीचे दोन भाव असतात, काउंटरवर उभ्याने पिण्याचा ‘बांको’ आणि बसून पिण्याचा ‘ताव्होलो’. भावफलकावर दोन रकाने शोधा. दुसरा भाव पहिल्याच्या दुप्पट-तिप्पटही असू शकतो. म्हणून काउंटरच्या भावाने घेतलेला कप उचलून बाहेरच्या टेबलावर जाऊन बसू नये, कर्मचाऱ्यांना ते अजिबात आवडत नाही. अनेक बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवून कॉफी सांगायची. पावतीवर दहा-वीस सेंटचं नाणं ठेवायची जुनी पद्धत आहे. कॉफीबरोबर छोटा ग्लासभर पाणी येतं, ते आधी प्यायचं, म्हणजे तोंड स्वच्छ होऊन कॉफीची चव लागते. कप गरम पाण्यातून काढलेला असतो, कड ओठाला चटकते, क्षणभर थांबा. उभ्या-उभ्या दोन-तीन घोटांत संपवून निघायचं.

कोपेर्तोच्या दोन युरोंवरून डोकं तापवणारे लोक एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष करतात. अख्ख्या माशाच्या किमतीपुढे ‘एत्तो’ लिहिलेलं असेल तर तो भाव १०० ग्रॅमचा आहे. ६ युरो एत्तोचा ७०० ग्रॅमचा मासा ४२ युरोंना पडतो, आणि वजन कच्च्या माशाचं धरतात, डोकं-काट्यांसकट. वेटर मासा ताटात आणून दाखवतो तेव्हाच वजन आणि किंमत विचारा. शिजल्यावर विचारून उपयोग नाही.