अंबाडीचा वाख आणि पोळ्याचा साज (मराठवाडा)

अंबाडीच्या सालीपासून निघणाऱ्या धाग्याला वाख म्हणतात. मराठवाड्यात या वाखाचे दोर वळण्याची आणि त्यांतून बैलांचा साज करण्याची कला गावोगाव रुजलेली होती. युरोपात लिननचे कापड ज्या जवसाच्या खोडापासून होते, ते जवस मराठवाड्यातही रब्बीत पिकते. पण इथला वाण बुटका नि फांद्यांचा, त्यामुळे ते तेलाला आणि चटणीला जाते. खोडाच्या सालीतून धागा काढायचा तो इथे अंबाडीचा. दोन्हींची रीत मात्र एकच: खोड पाण्यात कुजवायचे आणि साल सुटी करायची.

अंबाडी खरिपात ज्वारी-तुरीच्या कडेने किंवा पाटे धरून, म्हणजे पिकात मधेमधे ओळी टाकून, पेरतात. कोवळ्या पाल्याची आंबट भाजी ज्वारीच्या कण्या घालून होते. वाखासाठी झाड फुलावर असताना कापलेले चांगले. बी भरले की धागा राठ होतो. पेंढ्या बांधून ओढ्यात किंवा डोहात दगडाखाली दाबून ठेवतात. दोन-तीन आठवड्यांत साल आतल्या काडीपासून सुटते. ती ओरबाडून, आपटून, धुऊन वाळवली की पिवळसर, चमकदार वाख हाती येतो. पाणी थंड असेल तर दिवस वाढतात आणि जास्त कुजला तर वाख तुटका होतो, म्हणून पेंढी केव्हा उपसायची हे जाणत्यालाच कळते. या कामाला भरपूर वास असतो. ओढ्यावरून जाताना तो दुरूनच येई.

दोर वळण्याचे काम बलुतेदारीत मातंग समाजाकडे होते आणि या कलेचे खरे मालक तेच. वाख पिंजून मांडीवर पीळ द्यायचा, मग असे दोन-तीन पेड, म्हणजे पीळ दिलेले पदर, एकत्र वळायचे. लांब दोराला गल्लीभर जागा लागते: एक जण टोक धरतो, दुसरा पीळ देतो, तिसरा पेड सारखे ठेवत मागे मागे सरकतो. पेडांचा आणि दोराचा पीळ एकमेकांच्या उलट असेल तरच दोर उकलत नाही. कासरा, दावे, नाकातली वेसण, तोंडावरची म्होरकी, मुसकी, चऱ्हाट, मोटेचा नाडा, राखणीची गोफण, बाजेची वीण, स्वयंपाकघरातले शिंके हे सारे याच हातांचे. ‘शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं पिकलं’ या म्हणीतले शिंकेही त्यातलेच.

श्रावण अमावस्येच्या पोळ्याला हीच कारागिरी सजते. आदल्या दिवशी खांदेमळणी, म्हणजे बैलांचे खांदे चोळणे, होते आणि बैलांना ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ असे आमंत्रण जाते. सकाळी नवी वेसण, नवा कासरा. त्यावर लाल, पिवळे, हिरवे गोंडे आणि गळ्यात घुंगरांचे कंडे. मागल्या हंगामात काढलेला वाख या दिवसासाठी जपून ठेवलेला असे. संध्याकाळी सारे गाव वेशीत किंवा मारुतीपुढे जमते. कित्येक गावांत मंगलाष्टके म्हणून बैलांचे लग्न लागते. कुणाचा गोंडा भरदार, कुणाची म्होरकी रेखीव, हे गाव निरखून पाहते.

बैल सजवणाऱ्या शेतकऱ्याचे कौतुक होते; दोर वळणाऱ्याला मात्र सुगीतल्या धान्याचा वाटा मिळाला, कलावंत म्हणून मान मिळाला नाही. मराठवाड्याच्या लोककलांची यादी करताना भारूड, गोंधळ येतात, वाखकाम येत नाही. ही उणीव भरून काढायला हवी.

नायलॉनचा दोर स्वस्त, पावसात न कुजणारा, म्हणून तो झपाट्याने आला. ट्रॅक्टरमुळे बैलजोड्या घटल्या, सोयाबीनने ज्वारीबरोबर अंबाडीचे पाटेही उठवले आणि टंचाईच्या गावांत पेंढ्या भिजवायला पाणी उरले नाही. गोंडे आता तालुक्याच्या बाजारातून लोकरीचे येतात. वेसण मात्र अनेक शेतकरी अजून अंबाडीचीच मागतात, कारण नायलॉनच्या वेसणीने बैलाचे नाक कापते.