फ्रॅक्टल चित्रे काढणारी सॉफ्टवेअर

एखादा छोटा गणिती नियम हजारो-लाखो वेळा पुन्हापुन्हा लावून त्यातून तयार होणारी आकृती संगणकाच्या पडद्यावर उतरवणाऱ्या आज्ञावलींना फ्रॅक्टल चित्रनिर्मितीची सॉफ्टवेअर म्हणतात. फ्रॅक्टल आकृतीचा कोणताही भाग कितीही मोठा करून पाहिला तरी ती गुळगुळीत होत नाही. आत आणखी बारकावे, आणि पुष्कळदा मूळ आकृतीच्याच लहान प्रतिकृती दिसत राहतात. ‘फ्रॅक्टल’ हा शब्द बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९७५ साली भंगलेला या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घडवला. यामागचे गणित मात्र बरेच जुने आहे. गास्ताँ झ्युलिया आणि प्येअर फातू या फ्रेंच गणितज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच त्याचा पाया घातला होता. परंतु एका चित्राला लागणारी आकडेमोड हाताने करणे शक्य नसल्यामुळे ज्या आकृतींविषयी ते सिद्धांत मांडत होते त्या नीट पाहण्याची सोय त्यांना नव्हती. ही सोय संगणकाने करून दिली. आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्स येथील संशोधन केंद्रात मँडेलब्रॉट यांनी १९८० साली ज्या संचाची चित्रे छापून काढली, तो संच पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला, आणि या प्रकारच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तोच आजही पहिल्यांदा पडद्यावर येतो.

हा संच काढण्याची रीत शाळकरी मुलालाही समजावी इतकी सोपी आहे. एक संख्या घ्यावी. शून्यापासून सुरुवात करून दरवेळी हाती आलेल्या उत्तराचा वर्ग करावा आणि त्यात ती मूळ संख्या मिळवावी. मूळ संख्या ०.५ असेल तर उत्तरे ०.५, ०.७५, १.०६२५, साधारण १.६३ आणि मग ३.१५ अशी वाढत जातात. उत्तराचे मूल्य एकदा २ च्या पुढे गेले की ते परत येत नाही, त्यामुळे ही संख्या पाचव्या फेरीत निसटली असे म्हणतात. मूळ संख्या उणे १ असेल तर मात्र उत्तरे उणे १, ०, उणे १, ० अशीच फिरत राहतात. ती कधीच निसटत नाही, म्हणून ती संचात आहे. प्रत्यक्षात या संख्या संमिश्र, म्हणजे वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या असतात, म्हणून त्या प्रतलावरच्या बिंदूंनी दाखवता येतात. पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे असा एक बिंदू. जो निसटत नाही त्याला सहसा काळा रंग देतात, आणि जो निसटतो त्याचा रंग तो कितव्या फेरीत निसटला यावरून ठरवतात.

नियम सोपा असला तरी आकडेमोडीचा पसारा प्रचंड असतो. ६४० गुणिले ४८० पिक्सेलच्या चित्रात ३,०७,२०० बिंदू असतात, आणि प्रत्येकासाठी जास्तीत जास्त १५० फेऱ्या करायच्या म्हटल्या तर हिशेब साडेचार कोटींच्या वर जातो. म्हणूनच या सॉफ्टवेअरचा इतिहास हा मुख्यतः आकडेमोड टाळण्याच्या युक्त्यांचा इतिहास आहे. १९८५ च्या ऑगस्टमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील ए. के. ड्यूडनी यांच्या सदरातून ही रीत सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली आणि अनेकांनी घरच्या संगणकासाठी स्वतःच्या आज्ञावली लिहिल्या. तेव्हाच्या यंत्रांवर एका चित्रासाठी तासन्‌तास, कधी रात्रभर वाट पाहावी लागे.

या वाट पाहण्यावर सर्वांत कल्पक उपाय ‘फ्रॅक्टिंट’ने काढला. बर्ट टायलर यांनी १९८८ साली इंटेलच्या ३८६ प्रोसेसरसाठी लिहिलेल्या लहानशा आज्ञावलीतून ते वाढले. त्या काळी दशांश अपूर्णांकांचे गणित वेगाने करणारी वेगळी चिप विकत घ्यावी लागे आणि ती बहुतेकांकडे नसे. पूर्णांकांचे गणित मात्र प्रोसेसर स्वतःच झपाट्याने करी. रुपयांचा हिशेब पैशांत मांडला की दशांश चिन्हाची गरज उरत नाही, त्याच धर्तीवर टायलर यांनी सगळे अपूर्णांक मोठ्या पूर्णांकांत बदलून घेतले. नावातला ‘इंट’ पूर्णांकासाठीच्या इंग्रजी शब्दावरून आला आहे. पुढे इतरांनी आणखी युक्त्या घातल्या. चित्र वास्तव अक्षाच्या, म्हणजे प्रतलावरच्या आडव्या रेषेच्या, वर-खाली सारखेच असेल तर अर्धेच काढून उरलेल्याचे प्रतिबिंब घ्यायचे. आधी मोठमोठे चौकोन रंगवायचे, आजूबाजूच्या सर्व चौकोनांचा रंग एकच निघाला तर मधला भाग न मोजताच भरायचा, आणि रंग बदलत असेल तिथेच बारीक मोजणी करायची.

हे काम करणाऱ्यांनी आपल्या गटाला एका लोककथेवरून ‘स्टोन सूप ग्रुप’ असे नाव दिले होते. कथेतला भुकेला वाटसरू पातेल्यात नुसता दगड उकळत ठेवतो आणि कुतूहलाने जमलेले गावकरी त्यात एकेक जिन्नस घालत जातात. टिम वेग्नर, मार्क पीटरसन यांच्यासारखे सहकारी कॉम्प्यूसर्व्ह या ऑनलाइन सेवेवरून एकमेकांना सुधारणा पाठवत. फ्रॅक्टिंट फुकट वाटता येई, विकता मात्र येत नसे, आणि त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली होती. चित्र कसे काढले हे सांगणारे आकडे त्याच चित्राच्या फाइलमध्ये साठवण्याची त्याची पद्धत तर विशेष दाद द्यावी अशी आहे. दुसऱ्याने काढलेले चित्र उघडून तिथूनच पुढे आत शिरता येई. नुसते आकडे काही ओळींच्या मजकुरात पाठवले तरी पलीकडच्या संगणकावर तेच चित्र पुन्हा उमटे.

वेगाचा प्रश्न ‘झाओस’ने निराळ्या अंगाने सोडवला. यान हुबिच्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढवलेले, ग्नू प्रकल्पातले हे मुक्त सॉफ्टवेअर आधीच्या चौकटीतले बहुतांश पिक्सेल नव्या चौकटीत पुन्हा वापरते आणि कमी पडतील तेवढ्याच ओळी व स्तंभ नव्याने मोजते. त्यामुळे माउसचे बटण दाबून धरले की आकृतीत अखंड आत जाता येते. वर्गात शिकवण्यासाठी याहून सोयीचे साधन क्वचितच मिळेल. फ्रेडरिक स्लायकरमन यांचे ‘अल्ट्रा फ्रॅक्टल’ हे विकत घ्यावे लागणारे सॉफ्टवेअर चित्रकारांकडे अधिक वळलेले असून त्यात अनेक थर एकावर एक रचून रंगसंगती साधता येते.

खूप खोल गेल्यावर वेगळीच अडचण येते. संगणकाच्या नेहमीच्या अपूर्णांकांत सुमारे १६ अंक मावतात. चित्राची रुंदी त्या मर्यादेजवळ आली की शेजारच्या पिक्सेलांचे आकडे एकच होऊन बसतात आणि पडद्यावर ठोकळे दिसू लागतात. शेकडो अंकांचे गणित करता येते, पण ते फार संथ असते. के. आय. मार्टिन यांनी २०१३ साली ‘सुपरफ्रॅक्टलथिंग’मध्ये दाखवलेला मार्ग असा, की लांबलचक अंकांचा हिशेब एकाच संदर्भबिंदूसाठी करायचा आणि बाकीच्या लाखो बिंदूंसाठी त्या बिंदूपासूनचा लहानसा फरक तेवढा साध्या अंकांत मोजायचा. कार्ल रुनेमो यांच्या ‘काल्लेस फ्राक्टालर’ने ही रीत पुढे नेली. संदर्भबिंदू चुकीचा निवडला गेल्यास चित्रात सपाट डाग पडतात, म्हणून असे डाग ओळखून नवा संदर्भबिंदू घेण्याची तजवीज या सॉफ्टवेअरमध्ये करावी लागते.

सगळीच फ्रॅक्टल निसटण्याच्या हिशेबाने काढत नाहीत. मायकेल बार्न्सली यांचे नेच्याचे पान चार नियमांतून तयार होते: एक बिंदू घेऊन दरवेळी चिठ्ठी टाकल्यासारखा एक नियम निवडायचा, शंभरात ८५ वेळा वरच्या वाढीचा, ७-७ वेळा डाव्या-उजव्या पर्णिकांचा आणि एकदा देठाचा, आणि पडेल तिथे ठिपका द्यायचा. काही हजार ठिपक्यांत नेचा स्पष्ट दिसतो. स्कॉट ड्रेव्हस यांनी १९९२ साली याच पद्धतीत वक्र रूपांतरे घालून ज्वाळांसारख्या आकृती निर्माण केल्या. ‘अपोफिसिस’ हे त्या काढण्याचे परिचित साधन आहे. २००९ मध्ये डॅनियल व्हाइट आणि पॉल नायलँडर यांच्या सूत्रांतून त्रिमितीय ‘मँडेलबल्ब’ पुढे आला, आणि तो काढण्यासाठी ‘मँडेलबल्बर’सारखी सॉफ्टवेअर तयार झाली.

या चित्रांकडे पाहताना त्यांच्या अचूकतेची मर्यादा ध्यानात ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. ठरवलेल्या फेऱ्यांत जो बिंदू निसटला नाही तो कधीच निसटणार नाही असे सिद्ध होत नाही; फेऱ्या वाढवल्या की काळ्या भागाची कड आक्रसते. उलट, संचाचे अतिबारीक तंतू दोन पिक्सेलांच्या मधून निघून गेले तर ते चित्रात येतच नाहीत. खुद्द मँडेलब्रॉट यांनाही मुख्य आकृतीभोवतीचे ठिपके पाहून हा संच तुकड्यातुकड्यांचा असावा असे सुरुवातीला वाटले होते. तो अखंड असल्याचे आद्रियाँ दुआदी आणि जॉन हबर्ड या गणितज्ञांनी १९८२ साली सिद्ध केले. आजची अनेक सॉफ्टवेअर बिंदू निसटला की नाही एवढेच न पाहता संचाची कड त्याच्यापासून अंदाजे किती दूर आहे हेही काढतात, आणि ते अंतर पिक्सेलपेक्षा कमी असेल तर तिथे गडद रंग भरतात. त्या ठिपक्यांना मुख्य आकृतीशी जोडणारे तंतू अशा चित्रात डोळ्यांना दिसतात.