घळ माथ्यावर अडवावी लागते

काटोल, नरखेड, हिंगण्याकडच्या टेकड्यांच्या उतारावर पडीत वावरं बरीच दिसतात. रोही (नीलगाई) आणि रानडुकरं पीक ठेवत नाहीत, मजूर मिळत नाही, वीतभर मातीखाली मुरूम लागतो. मग माणूस कंटाळून नाद सोडतो. जमिनीला विसावा मिळाला, आता गवत येईल आणि माती सावरेल, असा आपला समज. सपाट बरडावर तसं होतंही. उतारावर मात्र वावर सोडल्यानंतरची पहिली काही वर्षं फार धोक्याची असतात.

त्याचं कारण धुरा, म्हणजे वावराचा मातीचा बांध. कसणारा माणूस पावसाळ्याआधी धुऱ्याची भगदाडं बुजवतो, जादा पाणी काढून देणारा सांडवा मोकळा करतो. तो गेला की घुशींची बिळं आणि गुरांच्या वाटा तशाच राहतात, आणि धुरा पाणी अडवत राहतो. नागपूरकडे वर्षाला साधारण 1000 ते 1100 मिलिमीटर पाऊस पडतो. बहुतेक जून ते सप्टेंबरात, त्यातही मोजक्या जोरदार सरींत. एरवी वावरभर पसरून गेलं असतं ते पाणी धुऱ्यामागे साचतं, कच्च्या जागी धुरा फोडतं आणि एकवटून धावत खाली घळ पाडतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, की तो ढकलू शकेल त्या दगडाचं वजन सुमारे 64 पट होतं, हे भौतिकशास्त्रातलं जुनं गणित. स्पेन-इटलीतल्या डोंगरांवर सोडून दिलेल्या पायऱ्यांच्या शेतांचे दगडी बांधही असेच ढासळतात.

वखराच्या पाळीत मोडते ती ओघळ. वखराला दाद देत नाही ती घळ. पाऊस उघडल्यावर घळीच्या वरच्या टोकाशी उकिडवं बसून बघा. वर गवताच्या मुळांनी धरलेली चार बोटं काळी माती, खाली भुसभुशीत मुरूम, पायथ्याशी पाणी पडून झालेला खड्डा. पाणी पायथ्याचा मुरूम काढून नेतं, वरचा थर छज्जासारखा अधांतरी राहतो, त्याला भेग जाते आणि अख्खं ढेकूळ खाली येतं. पुढच्या सरीत ते वाहून गेलं की पुन्हा तेच. घळ अशी पाण्याच्या उलट दिशेने, चढाकडे सरकते. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगांतून शिरलेलं पाणी आतून बोगदेही करतं, मग वरचं छत एके दिवशी खचतं.

म्हणून खाली नाल्यावर एक मोठा बंधारा बांधून मोकळं होणं मला पटत नाही. तिथे गाळ अडतो, पण वर घळ वाढतच राहते. आधी घळीच्या माथ्याच्या, म्हणजे वरच्या टोकाच्या, वरच्या अंगाला चर काढून पाणी घळीत पडण्याआधीच वळवायचं, गवत असलेल्या टणक जागी सोडायचं. मग माथ्याचा उभा कडा तासून उतरता करायचा आणि त्यावर दगड बसवायचे. त्यानंतर घळीत अनघड दगडी बांध. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत यावा, हा नियम. तळाचा उतार शंभराला दहा आणि बांध मीटरभर उंच असेल, तर दोन बांधांत साधारण दहा मीटर. मध्यभाग कडेपेक्षा खोलगट हवा आणि दोन्ही टोकं काठात घुसवलेली हवीत. नाहीतर पाणी बगलेतून वाट काढतं आणि दुसरी घळ तयार करतं. ओळंबा-दोरी न लावता रचलेले बांध बहुतेक याच चुकीने जातात.

दगडांचं काम गाळ धरण्यापुरतंच. त्या गाळात वाळा आणि स्टायलो हे चाऱ्याचं रोप, काठावर निर्गुडी आणि बांबू लावले, तर पुढची धरपकड मुळं करतात. दोन-तीन पावसाळे तिथे गुरं सोडायची नाहीत. गवत कापून न्यावं. गावात वाद होतो तो इथेच, दगड रचण्यावरून नाही.

राहिले जुने धुरे. डागडुजीला माणूस असेल तर ते ठेवावेत. कोणीच नसेल, तर पाऊस त्याच्या मर्जीने फोडेल त्याआधी आपणच प्रत्येक धुऱ्यात एक सखल, दगडांनी बांधलेला सांडवा काढून द्यावा. खालच्या धुऱ्याचा सांडवा वरच्याच्या रेषेत न घेता दुसऱ्या टोकाला.