जनुक-अभिव्यक्तीतील यादृच्छिक चढउतार

जनुक-अभिव्यक्तीतील यादृच्छिक चढउतार : जनुकसंच एकच आणि भोवतालची परिस्थितीही एकच असताना दोन पेशींत एखादे प्रथिन निरनिराळ्या प्रमाणात तयार होणे. प्रयोगशाळांत याला सर्रास ‘नॉइज’ म्हणतात. उत्परिवर्तनात डीएनएचा क्रमच बदलतो आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो. येथे क्रम तोच राहतो; त्यावरून प्रथिन केव्हा आणि किती तयार होईल, एवढाच भाग योगायोगावर जातो.

एकाच वाणाच्या झाडांत दिसणारा प्रत्येक फरक या खात्यावर टाकण्याची घाई मात्र करू नये. काटोल-नरखेडकडच्या बागांत जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून नागपुरी संत्र्याची कलमे तयार करतात. एका मातृवृक्षाच्या डोळ्यांपासून झालेल्या सगळ्या कलमांचा जनुकसंच जवळपास सारखा असतो. तरी एक झाड फळांनी लदबदते आणि शेजारचे रोडावते, यामागे बहुधा जमीन, पाण्याचा निचरा किंवा डिंक्या रोग असतो. एखाद्या फांदीला कमी बियांची फळे धरली आणि तिचा डोळा भरल्यावर तो गुण कलमातही उतरला, तर ते उत्परिवर्तन. नॉइज पाहायचा तर झाडे सोडून एकाच पानातल्या शेजारशेजारच्या दोन पेशींकडे वळावे लागते.

कपाशीचे उदाहरण याहून फसवे आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिले की बीटी कपाशीतील क्राय-१-एसी हे बोंडअळीला मारक प्रथिन पानांत जास्त, तर बोंडाच्या सालीत आणि फुलातील अंडाशयात कमी असते. शिवाय झाडाचे वय वाढते तसे ते घटत जाते. अळीच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा. पण तो अवयवानुसार आणि वयानुसार ठरलेला आहे. यादृच्छिक म्हणावे असे त्यात फारसे काही नाही.

खऱ्या यादृच्छिकतेचे मूळ रेणूंच्या तुटपुंज्या संख्येत आहे. पेशीत जनुकाच्या एक-दोनच प्रती असतात आणि संदेशवाही आरएनएचे (जनुकातील संदेश प्रथिन बनते तिथे नेणारे) रेणू पुष्कळदा बोटांवर मोजण्याइतके. रेणू पूर्णपणे स्वतंत्रपणे, योगायोगाने तयार होत असतील, तर सरासरी १०० रेणूंमागे चढउतार सुमारे १० टक्के असतो. सरासरी ४ वर आली की तोच ५० टक्क्यांवर जातो. प्रत्यक्षात जनुक संथपणे चालत नाही. काही काळ गप्प राहते, मग एकदम आरएनएचा झोत सोडते. एकेका आरएनएपासून अनेक प्रथिने बनत असल्याने हा चढउतार आणखी फुगतो.

हा चढउतार नेमका मोजला गेला २००२ साली. मायकेल एलोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ई. कोलाय जीवाणूत वेगवेगळ्या रंगांत चमकणाऱ्या दोन प्रथिनांची जनुके एकसारख्या प्रमोटरखाली (जनुकाचे काम सुरू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याखाली) बसवली. पेशीच्या एकूण अवस्थेमुळेच फरक पडत असेल तर दोन्ही रंग एकत्रच वाढावेत किंवा घटावेत. प्रत्यक्षात अनेक पेशींत एक रंग गडद आणि दुसरा फिका निघाला. एकाच पेशीत, एकाच क्षणी! त्यातून चढउताराचे दोन भाग वेगळे करता आले : जनुकाच्या स्वतःच्या कामातला आंतरिक आणि संपूर्ण पेशीतून येणारा बाह्य.

उत्क्रांतीशी याचा संबंध जोडताना एक अडचण येते. एखाद्या पेशीत योगायोगाने वाढलेले प्रथिन थोड्याच पिढ्यांत पुन्हा सरासरीला येते. मग नैसर्गिक निवड धरणार काय? उत्तर असे की चढउताराचे फळ वारशाने मिळत नसले तरी चढउतार किती व्हावा हा कल मिळतो. आयरिश जीवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी १९४४ साली पाहिले की पेनिसिलिनच्या माऱ्यातूनही थोडे स्टॅफिलोकॉकस तगतात, पण त्यांची संतती पुन्हा औषधाला बळी पडते. म्हणजे तगण्याचे कारण उत्परिवर्तन नव्हते. पुढे १९८३ साली ई. कोलायमध्ये हिप-ए या जनुकाची अशी उत्परिवर्तने नोंदवली गेली की ज्यांमुळे तगणाऱ्या पेशींचे प्रमाणच कित्येक पटींनी वाढते. या जनुकाच्या प्रथिनाची पातळी योगायोगाने एका मर्यादेपलीकडे गेली की पेशीची वाढ थांबते, आणि वाढत्या पेशींवरच परिणाम करणारे औषध तिच्यापुढे निष्प्रभ ठरते.

विदर्भातला कोरडवाहू शेतकरी मृगाच्या पहिल्या सरीवर सगळे बियाणे मातीत घालत नाही. दुबार पेरणीची धास्ती त्याला ठाऊक असते. जीवाणूला अर्थातच काही ठाऊक नसते. ज्या वंशांत थोड्या पेशी आपोआप मागे राहत होत्या, ते वंश टिकले, एवढेच. यीस्टवरील २००८ सालच्या प्रयोगांत परिस्थिती झपाट्याने पालटत असताना अवस्था झपाट्याने बदलणाऱ्या पेशी सरस ठरल्या. ती सावकाश पालटत असताना सावकाश बदलणाऱ्या.

सर्व जनुकांना असा जुगार परवडत नाही. ज्यांच्यावाचून पेशी जगूच शकत नाही, अशा यीस्टमधील जनुकांत चढउतार कमी असतो, आणि निवडीने तो दाबल्याची ही खूण मानली जाते. दाबणे स्वस्तही नाही. २०१० साली मांडलेल्या गणिताप्रमाणे नियंत्रणातून चढउतार निम्मा करायचा तर संदेशवहनाच्या घटना (नियंत्रण करणारे रेणू बनण्याच्या वेळा) १६ पट वाढवाव्या लागतात. म्हणून दिसेल त्या चढउताराला ‘उपयुक्त’ ठरवणारे लेखन सावधपणेच वाचावे. बराचसा नॉइज केवळ काढणे परवडत नाही म्हणून उरलेला असू शकतो.

बहुपेशीय प्राण्यांत तो बहुधा झाकलेला राहतो. सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीत आतडे घडवणाऱ्या साखळीतील एक जनुक बिघडले, तर एकाच उत्परिवर्तनाच्या काही भ्रूणांत आतडे तयार होते आणि काहींत होत नाही. साखळीतील पुढच्या जनुकाची अभिव्यक्ती भ्रूणागणिक यादृच्छिकपणे कमीजास्त होते. ती मर्यादा ओलांडते त्या भ्रूणातच आतडे घडते. निरोगी कृमीत या जनुकांची एकमेकांना जोड असल्याने प्रत्येक भ्रूणाला आतडे मिळते.