कुंडीतलं लॉरेल तपकिरी का पडतं?

कुंडीतल्या लॉरेलची पानं तपकिरी पडायला लागली की हात आधी झारीकडे जातो. जरा थांबावं. पाणी कमी पडलं तरी पान करपतं आणि जास्त झालं तरीही.

लॉरेल (लॉरस नोबिलिस) हे तमालपत्राच्याच कुळातलं, भूमध्य समुद्राच्या परिसरातलं सदाहरित झुडूप. तमालपत्रावर देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा दिसतात, याच्या पानात मधोमध एकच. मुळांनी ओढलेलं पाणी या शिरेतून बारीक शिरांत आणि सगळ्यात शेवटी टोकाला नि कडांना पोचतं. त्यामुळे पुरवठा आटला की आधी तिथेच करपतं. खताचे आणि जड पाण्यातले क्षारही बाष्पीभवनानंतर तिथेच साठतात.

मग पाणी जास्त झाल्यावर तसंच का व्हावं? मुळांनाही ऑक्सिजन लागतो. माती गच्च भिजून राहिली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या बुजतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू पसरतो. गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, पुढे कुजतात. झाड पाण्यात उभं असून तहानेलं राहतं, आणि आपण आणखी पाणी ओततो!

म्हणून निदान मुळांपाशीच करावं. झुडूप अलगद कुंडीबाहेर काढा. निरोगी मुळं फिकट आणि टणक असतात. कुजलेलं मूळ काळपट असतं. चिमटीत धरून ओढलं तर साल निसटून हातात येते, मागे दोऱ्यासारखा तंतू उरतो. वासही कुबट येतो. मुळांचं नुसतं वेटोळंच दिसलं तर कुंडी लहान पडली आहे. अशा कुंडीत पाणी कडेकडेने वाहून तळाच्या भोकातून बाहेर पडतं. आपल्याला वाटतं भरपूर झालं, गड्डा मात्र आत कोरडा ठणठणीत. एकच माप मोठी कुंडी द्यावी. फार मोठ्या कुंडीतली जादा माती ओलीच राहते.

मुळं ठीक असतील तर पानांकडे वळा. कड जाड होऊन गुंडाळली असेल तर ती उलगडून बघा. आत पांढरट, लोकरीसारखी पिल्लं दिसली तर तो सिलिड कीटक. अशी पानं तोडून टाकावीत. पानाखाली मधल्या शिरेलगत तपकिरी, चपटे ठिपके असतील आणि ते नखाने निघत असतील, तर ती खवले कीड आहे. खालची जुनी दोन-चार पानं पिवळी पडून गळाली तर त्यात काळजीचं काही नाही. फक्त वाऱ्याच्या बाजूचीच पानं करपली असतील तर कुंडी आडोशाला हलवा. कडक थंडीतही हेच करावं, कारण कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब नसते.

फांदी मेली का, हे साल किंचित खरवडून कळतं. खाली हिरवं असेल तर कापायची घाई नको. करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, तेव्हा सुधारणा नव्या पालवीवरूनच ओळखायची. ती दिसेपर्यंत खत बंद ठेवा. दुखावलेल्या मुळांना क्षार आणखी जाळतात.