८९६चं अंतर

परवा कर्नाटकातल्या खानापूरला आत्याकडे बारावी झालेल्या पोराच्या ॲडमिशनची चर्चा चालली होती. 'इन्फॉर्मेटिक्स' हा शब्द निघाला तशी आत्या म्हणाली, "म्हणजे जमिनीचा उतारा काढून देतात तेच की रे!" सगळे हसले. मला आत्या निम्मी बरोबर वाटली. संगणक हे नुसतं यंत्र. या शास्त्राचा विषय आहे माहिती: ती साठवायची कशी, न्यायची कशी आणि नेताना सांडते कुठे.

आत्याचा उतारा कन्नडमध्ये. तो देवनागरीत आणायचा तर? संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक. त्याच्या तक्त्यात देवनागरी 'क' २३२५, कन्नड 'क' ३२२१. फरक ८९६. 'ळ' घ्या: २३५५ आणि ३२५१. पुन्हा ८९६! या लिप्या सगळ्या ब्राह्मी लिपीच्याच लेकी, वर्णक्रम एकच. म्हणून 'इस्की' या भारतीय मानकात सर्व लिप्यांतल्या 'क'ला एकच संकेतांक होता. युनिकोडने प्रत्येक लिपीला १२८ खणांचं वेगळं घर दिलं, आतली मांडणी मात्र तशीच ठेवली. देवनागरीपासून बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ, तेलुगू ओलांडून सातवं घर कन्नडचं. सात गुणिले १२८.

(नावात जादा अक्षर घालून नशीब फिरवणाऱ्या अंकशास्त्र्यांनी हुरळून जाऊ नये. हे क्रमांक कपाटाच्या खणांसारखे, त्यांत ग्रह राहत नाहीत.)

मग प्रत्येक अक्षरातून ८९६ वजा केले की झालं? कन्नड 'बेळगावि'वर करून बघा. ब, ळ, गा, वि बिनचूक उतरतात. अडतो तो एकार. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन एकार. इथला ऱ्हस्व, ३२७०. वजाबाकीनंतर २३७४ येतो, 'बॆळगावि'मधली ती वाकडी मात्रा. आपली नेहमीची २३७५. डोळ्याला फरक जेमतेम दिसतो, पण 'बेळगावि' शोधलं तर संगणक म्हणतो, असं गाव नाही.

२३७४ दिसला की २३७५ कर, असा नियम लिहिता येतो. उलट जाताना मात्र तो कामाचा नाही. मराठी 'बे'वरून कन्नडमध्ये कुठला एकार घालायचा? ती माहिती मराठीत येतानाच गळाली; सूत्राने परत मिळत नाही, शब्दांची यादीच लागते.

आत्या कन्नड शाळेत कधी गेली नाही. बाजारात मात्र 'बेकु' लांब म्हणते आणि गुळाचा 'बॆल्ल' आखूड.